दोन नोंदी, एक रुग्ण

2021 च्या महापुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील तापाच्या रुग्णांमध्ये लेप्टोस्पायरोसिस (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य आजार) किती आढळतो, हे पाहणाऱ्या एका अभ्यासात मी संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करत होतो. माहिती केसपेपरमधून, दोन प्रयोगशाळांच्या अहवालांतून आणि आरोग्यसेविकांनी घरोघरी केलेल्या ताप सर्वेक्षणातून येत होती. या सगळ्यांत समान असा रुग्ण क्रमांक कुठेच नव्हता. नाव, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक यांवरूनच कोणत्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवायचे होते.

अशा जुळणीची गणिती चौकट इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी 1969 मध्ये मांडली. दोन नोंदींतील प्रत्येक रकाना जुळतो की नाही यावरून गुण द्यायचे, बेरीज मोठी असेल तर जोडी स्वीकारायची, अगदी कमी असेल तर नाकारायची आणि मधल्या जोड्या माणसाने वाचायच्या. दुर्मीळ आडनाव जुळले तर त्याला मोल अधिक; आमच्याकडे ‘पाटील’ जुळल्याने मात्र जवळजवळ काहीच कळत नाही. मोबाइल क्रमांकाचेही तसेच, कारण पुष्कळ घरांत एकच क्रमांक सगळ्यांच्या नावापुढे लिहिलेला असतो.

गावांच्या नावांनी सर्वांत जास्त अडवले. रोमन लिपीत नोंदवलेले शिरोळ आणि शिरोली यांत केवळ एका अक्षराचा फरक उरतो, म्हणून संगणक त्यांना जवळचे मानतो. प्रत्यक्षात शिरोळ हे तालुक्याचे गाव आणि पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात. उलट नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी आणि नुसती ‘वाडी’ हे एकच गाव असताना संगणकाला ती तीन वेगळी ठिकाणे वाटतात. ही चूक पुराच्या अभ्यासात साधी नव्हे. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे, त्यामुळे तेथील माणसाचा पाण्याशी किती संबंध आला हे कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पातळीवरून एकट्याने सांगता येत नाही.

मधल्या गटातील जोड्या वाचण्यासाठी, नैतिकता समितीच्या परवानगीने, शिरोळ भागातील एक अनुभवी आरोग्यसेविका आमच्यासोबत बसल्या होत्या. एका जोडीत नाव तेच, पण आडनावे वेगळी, वयात एका वर्षाचे अंतर, एकीचे गाव नरसोबाची वाडी आणि दुसरीचे नृसिंहवाडी. पहिल्या नोंदीत तापाच्या तिसऱ्या दिवशीची आयजीएम चाचणी (रक्तातील लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी) निगेटिव्ह होती, दुसरीत दहाव्या दिवशीची पॉझिटिव्ह. गुणांनुसार ही जोडी नाकारण्याच्या सीमेला टेकली होती. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, “सर, ह्या दोघी नव्हेत, एकच बाई हाय. आधार माहेरच्या नावानं, रेशनकार्ड सासरच्या. मीच गेल्ते त्यांच्या घरी.” सर्वेक्षणाच्या वहीत ताप सुरू झाल्याची तारीख, घराचा पत्ता आणि दोन्ही कागदपत्रांची नोंद सापडली.

ते ऐकताच मी क्रिॲटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणाऱ्या घटकाचे, आकडे पाहिले. एका प्रयोगशाळेने मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये 115 दिले होते, दुसरीने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये 1.8. पहिल्याला 88.4 ने भागले की 1.3 येतात, म्हणजे मूत्रपिंडाचे काम आठवड्याभरात मंदावत गेले होते. वेगळ्या ठेवलेल्या नोंदींत एक बाई ‘लेप्टो नाही’ म्हणून गणली गेली असती आणि दुसरीच्या पॉझिटिव्ह चाचणीबद्दल शंका उरली असती, कारण आयजीएम प्रतिपिंडे संसर्गानंतर काही महिने रक्तात राहू शकतात. एकत्र केल्यावर मात्र निगेटिव्हची पॉझिटिव्ह झालेली दिसली, जो ताज्या संसर्गाचा फार भक्कम पुरावा आहे. प्रतिपिंडे साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. तिसऱ्या दिवशीची निगेटिव्ह चाचणी आजार नाकारत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असते, पण तक्त्यातल्या ‘निगेटिव्ह’ या शब्दासोबत ते ज्ञान प्रवास करत नाही. मला ही बाब फार गंभीर वाटते.

त्या दुपारीच आम्ही अंतिम तक्त्याची रचना बदलली. चाचणीच्या निकालाशेजारी तापाचा कितवा दिवस हा रकाना सक्तीचा केला, मूळ एकक आणि रूपांतरित आकडा दोन्ही ठेवले आणि गावाच्या नावाऐवजी शासकीय गाव संकेतांक वापरला. स्त्रियांच्या नोंदींत आडनाव न जुळल्यास वजा होणारे गुण कमी केले. मग नाकारलेल्या जोड्यांपैकी सीमेजवळच्या सगळ्या पुन्हा काढून, त्या त्या तालुक्यातील आरोग्यसेविकांसोबत वाचायला घेतल्या.