एनए आले आणि तक्रारही आली

मोटरच्या भारावरून वाइंडिंगचं (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचं) तापमान सांगणारं एक लोएस मॉडेल, म्हणजे जवळच्या नोंदींवरून वक्र बसवणारं, तपासायला आलं होतं. आर या सांख्यिकीच्या भाषेत बनवलेलं, 20 ते 85 टक्के भाराच्या 80 नोंदींवर. नव्या यादीतल्या 80 भारांचे अंदाज आधीच काढून ठेवलेले, एकही रकाना रिकामा नाही. खटकलं ते हेच. नव्या यादीत 100 टक्क्यांपर्यंतचे भार होते आणि आरमधलं लोएस, वेगळं सांगितल्याशिवाय, डेटाच्या कक्षेबाहेर उत्तर देत नाही.

घोळ फॉर्म्युल्यात होता. ‘नोंदी$तापमान ~ नोंदी$भार’ असं लिहिलेलं. न्यूडेटामध्ये, म्हणजे नव्या यादीत, ‘भार’ नावाचा रकाना होता, पण अंदाज काढणारं प्रेडिक्ट फंक्शन शोधत होतं ‘नोंदी$भार’. ते त्याला वर्कस्पेसमधल्या जुन्या डेटात सापडलं आणि त्याने जुन्याच नोंदींचे अंदाज परत दिले. ओळींची संख्या वेगळी असती तर वॉर्निंग आली असती. इथे दोन्हीकडे 80. प्रेडिक्टचं उत्तर आणि मॉडेलची जुन्या नोंदींवरची फिटेड मूल्यं शेजारी ठेवली की दिसतं: तंतोतंत तीच. ‘डेटा =’ हा आर्ग्युमेंट असताना लोक फॉर्म्युल्यात डॉलर का घालतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

‘तापमान ~ भार, डेटा = नोंदी’ असं केलं आणि 85 च्या पुढे सगळीकडे एनए (म्हणजे ‘उत्तर उपलब्ध नाही’) आले. लगेच तक्रार: आधी चाललेलं मॉडेल बिघडवलं. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या स्क्रिप्टमध्ये एनएच्या जागी शून्य भरलं जात होतं. सर्वाधिक भाराला मोटर बर्फासारखी थंड!

एनए का येतात? लोएसचा डिफॉल्ट ‘सरफेस = "इंटरपोलेट"’ असतो. मॉडेल के-डी ट्रीच्या (डेटाचे तुकडे पाडणाऱ्या रचनेच्या) मोजक्या शिरोबिंदूंवरच नेमकं बसवलं जातं आणि मधली मूल्यं जोडून काढली जातात. चौकटीबाहेर जोडायला काही नाही, म्हणून एनए. ‘कंट्रोल = लोएस.कंट्रोल(सरफेस = "डायरेक्ट")’ दिलं की प्रत्येक बिंदूवर स्वतंत्र फिट होतो आणि बाहेरचंही उत्तर मिळतं. सहकाऱ्याने तेच सुचवलं. मिळालं ते असं, की 100 टक्के भाराला वाइंडिंग 85 टक्क्यांपेक्षा थंड. वरच्या टोकाच्या काही नोंदी जादा पंखा लावून घेतलेल्या होत्या. डिग्री 2 च्या (वर्गपदाच्या) वक्राने तिथला थंडाव्याचा उतार पकडला आणि तसाच पुढे नेला.

इथला बारकावा वजनांचा आहे. स्पॅन, म्हणजे प्रत्येक फिटला घ्यायचा नोंदींचा वाटा, 0.75 म्हणजे 80 पैकी 60 शेजारी. नोंदी साधारण समान अंतरावर असतील तर 100 साठी हे शेजारी 36 ते 85 मधले. सगळ्यांत जवळचा 15 अंकांवर, सगळ्यांत दूरचा 64 वर. दूरच्या नोंदीला कमी महत्त्व देणारं ट्रायक्यूब वजन सगळ्यांत दूरच्या शेजाऱ्याच्या अंतराच्या प्रमाणात मोजलं जातं: 15/64 चा घन सुमारे 0.013, एकातून वजा करून पुन्हा घन, म्हणजे 0.96. पंधरा अंक दूरच्या नोंदीला जवळजवळ पूर्ण वजन! आपण किती लांब आलोय हे सूत्राला कळतच नाही. ‘एसई = ट्रू’ दिलं तर बाहेर स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) फुगते खरी, पण तिथेही तोच वक्र खरा आहे हे गृहीत धरूनच.

आरमधल्या कार्स डेटावर (गाड्यांचा वेग आणि थांबण्याचं अंतर) कोणालाही करून पाहता येईल. वेग ताशी 4 ते 25 मैल. डायरेक्टने 25 ला थांबण्याचं अंतर सुमारे 95.30 फूट येतं, इंटरपोलेटने 95.32; कक्षेच्या आत इतकाच फरक. 30 ला मात्र इंटरपोलेट एनए देतं, तर डायरेक्ट 168 फूट सांगून मोकळं होतं.

आम्ही 85 पर्यंतचेच अंदाज दिले, पुढे ‘मोजलेले नाही’ असं लिहिलं, शून्य भरणारी ओळ काढायला लावली आणि 90, 95, 100 टक्के भाराच्या, जादा पंख्याशिवायच्या नोंदी मागितल्या. ‘मग अंदाजाला मॉडेल कशाला?’ असं उत्तर आलंय. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. भौतिकीतून आलेलं एखादं सूत्र असतं, तर पुढे जायला निदान काही आधार मिळाला असता. लोएसकडे तो नाही, आणि हे मॉडेल निवडताना कोणी विचारलं नव्हतं.