वाटणीचा विषय निघाला की सगळे गप्प

तलाकवर टीव्हीवर चर्चा चालायच्या तेव्हा (2017 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल, मग 2019 चा कायदा) ऑफिसातल्या मैत्रिणी मला विचारायच्या, तुमच्यात कसं असतं गं? आणि मी आपली सांगत बसायचे. पण खरं सांगू का, इथं कोल्हापुरात माझ्या ओळखीत तोंडी तलाक झालेल्या बायका एक-दोनच, आणि हक्कसोडपत्रावर सही केलेल्या घराघरात. अम्मी, दोन्ही फुफी (आत्या), शेजारची खाला (मावशी), सगळ्यांनी केलीय. त्याच्यावर कुठला चॅनेल चर्चा ठेवत नाही.

कुराणात चौथी सूरा (अध्याय) आहे, निसा, म्हणजे बायकांवरचीच. तिच्यात सातव्या आयतीत (म्हणजे वचनात) सरळ लिहिलंय की आईबाप जे मागं ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचाही, थोडं असो की जास्त. अकरावीत मुलाला दोन मुलींएवढं. म्हणजे समजा वडील गेले, घर 32 लाखाचं, मागं बायको, एक पोरगा, दोन पोरी. बायकोला आठवा हिस्सा 4 लाख, उरलेल्या 28 मधनं पोराला 14 आणि पोरींना 7-7. हिशोब एवढा सोपा, आणि आमच्यात तो करतंय कोण! सगळं 28 च्या 28 भावाच्या नावावर, वर अम्मीचे 4 पण त्याच्याकडंच राहतात. तिचा वेगळा हिस्सा असतो हेच कुणाच्या डोक्यात नसतं.

बहिणीला काय मिळतं तर ईदला साडी आणि "तुझं माहेर कायम उघडं हाय की". मागितलं तर तेच माहेर बंद. हिंदू मैत्रिणींकडंपण हेच चालतं म्हणा, 2005 ला त्यांचा कायदा बदलला तरी. भाऊ लोकांचं सगळ्या धर्मांत एकमत आहे!

आणि शेतीची तर वेगळीच गंमत, आम्हाला वारसाहक्कात शरियत लागू होते ती ज्या कायद्यानं, त्या 1937 च्या शरियत कायद्यात कलम 2 मध्येच शेतजमीन वगळलीय. आपल्याकडं सगळी इस्टेट म्हणजे ऊसच, मग राहिलं काय?

निम्माच का, हा प्रश्न मलापण पडतो. मौलाना सांगतात की घर चालवायची जबाबदारी पुरुषावर, बाईवर नाही, म्हणून. ठीक आहे, पण आता नवऱ्याच्या बरोबरीनं हप्ते मीपण भरते, त्याचं काय? ट्युनिशियात 2018 ला राष्ट्राध्यक्षांनी समान हिश्श्याचा प्रस्ताव आणला, बराच गदारोळ झाला, कायदा काही झाला नाही. निदान तिथं भांडण अर्ध्यावरून पूर्णावर होतं. आमच्याकडं अर्ध्याचाच पत्ता नाही आणि दाढीवाले-बिनदाढीवाले दोन्ही खूश.

शाहू महाराजांनी त्या काळात कुराणाचं मराठी भाषांतर करून घ्यायला पैसे दिले होते, म्हणजे मराठीत कळत नाही हे कारणपण चालणार नाही. जुम्म्याच्या बयानात (शुक्रवारच्या नमाजच्या वेळच्या भाषणात) बुरख्यावर, मोबाईलवर, पोरींच्या कॉलेजवर बोलतात, भाऊच येऊन सांगतो घरी. सातव्या आयतीवर कधी बोलले का असं परवा त्याला विचारलं तर म्हणतो, तुला काय कमी पडतंय का? मी म्हटलं कमी पडतंय म्हणून नाही मागत, माझं आहे म्हणून मागतेय.