निळीची वही, वर्ष दुसरं: धोट्याचं कापड आणि मॉन्ट्रियलचं दुकान

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की वर्षाला तीनच कपडे घ्यायचे आणि तिन्ही धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या शटलच्या) मागावर विणलेल्या कापडाचे. आज चौदा महिने झाले आणि दोन झालेत. तिसऱ्याची घाई नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मी इचलकरंजीची, सध्या मॉन्ट्रियलला राहते. आमच्या घराला लागूनच आमचा आठ साध्या, म्हणजे धोट्याच्याच, मागांचा कारखाना होता. इथे आल्यावर कपड्यांची साइटं चाळताना एका जीन्सच्या वर्णनात ‘शटल लूमवर विणलेलं, जपान’ असं वाचलं आणि हात थांबला. ज्या धोट्याचा खडखडाट ऐकत मी दहावीचा अभ्यास केला, त्यावर विणलेलं कापड चारशे डॉलरला विकलं जातंय, हे मला समजून घ्यायचं होतं. तिथून हा नाद लागला.

डेनिममध्ये ताणा (उभा धागा) निळा आणि बाणा (आडवा धागा) पांढरा. धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा काठापर्यंत जातो आणि तिथूनच परत वळतो, म्हणून कापडाला स्वतःचा बंद काठ मिळतो. शटललेस, म्हणजे धोटा नसलेल्या, मागावर बाण्याचा प्रत्येक धागा कापला जातो, काठाला झालर राहते. जीन्सची मोहरी (पायाची खालची कड) उलटवल्यावर बाहेरच्या बाजूच्या शिवणीला आतून जी लाल रेघेची पट्टी दिसते, ती म्हणजे हा काठ. किमतीचं कारणही इथेच आहे. या मागावर कापडाचा पन्हा साधारण 70 ते 80 सेंमीच निघतो, त्यामुळे एका जीन्सला जवळपास तीन मीटर कापड लागतं, आणि माग चालतोही सावकाश. जपानमध्ये यासाठी अजूनही जुने टोयोडा माग जपून वापरतात. साकिची टोयोडांनी 1924 मध्ये आणलेल्या ‘टाइप जी’ची खुबी अशी की धोट्यातली बाण्याच्या धाग्याची कांडी संपत आली तरी माग न थांबवता धोटा आपोआप बदलला जायचा. मोटारवाली टोयोटा याच घराण्यातून पुढे आली.

आता खरेदीकडे. माझी बरीचशी शोधाशोध ‘एसेन्स’वर होते. अताल्लाह भावंडांनी 2003 मध्ये मॉन्ट्रियलमधूनच सुरू केलेलं हे कपड्यांचं ऑनलाइन दुकान. रिक ओवेन्स, कॉम दे गार्सों अशा महागड्या डिझायनर नावांच्या बाजूला एसेन्शियल्स या ब्रँडचे साधे हूडीही तिथे असतात. पण मला तिथलं सगळ्यांत उपयोगी काय वाटतं, तर प्रत्येक वस्तूखालचा मापांचा तक्ता. माझ्या मते लेबलवरचा 30 किंवा 31 हा आकडा बघूच नये. घरातली सगळ्यांत छान बसणारी पँट जमिनीवर पसरा, बटण लावा, टेप घ्या. माझी मापं: कंबर सपाट 39 सेंमी, आसन (पुढून कंबरेपासून जांघेतल्या शिवणीपर्यंत) 29, मांडी 30.5, मोहरी 19.5. ही चार मापं फोनमध्ये आहेत. तक्त्यातलं आसन दीड सेंमीने कमी असेल तर कपडा कितीही देखणा असो, मी पान बंद करते. कंबर थोडी सैल होते, आसन कधीच वाढत नाही.

हे शहाणपण फुकट आलं नाही. गेल्या वर्षी एका ॲपवर वापरलेली जीन्स घेतली. विकणाऱ्याने कंबर 39 लिहिली होती, आली 36.5. टेप ताणून मोजली असणार. त्याने ती परत घेतली नाही. तेव्हापासून वापरलेलं काही घ्यायचं तर टेप लावलेला फोटो मागते, आणि नाही मिळाला तर सोडून देते.

सेलबद्दल नेहमी विचारलं जातं. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन मोठे सेल. सुरुवातीला सवलत थोडी असते, मग टप्प्याटप्प्याने वाढत काही वस्तूंवर सत्तर टक्क्यांपर्यंत जाते. पण मधली मापं पहिल्या दोन-तीन दिवसांत संपतात. माझी जीन्स 395 ची 277 ला आली तेव्हा मी घेतली. दोन आठवड्यांनी ती 200 च्या खाली उतरली, पण तोवर फक्त लेबलवर 36 आणि 38 असलेल्या उरल्या होत्या. जास्तीच्या ऐंशी डॉलरचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

नोव्हेंबरात एसेन्सच्या दुकानात प्रत्यक्ष गेले. जुन्या मॉन्ट्रियलमध्ये, नोत्र-दाम बॅसिलिकाच्या बाजूच्या गल्लीत. बाहेरून जुन्या इमारतीची दगडी दर्शनी भिंत आणि आत डेव्हिड चिपरफील्ड यांनी 2018 मध्ये उभं केलेलं काळसर काँक्रीट. वेळ ठरवून जायचं, साइटवर निवडलेल्या वस्तू ते ट्रायल रूममध्ये आणून ठेवतात. मी जपानमधल्या कोजिमाच्या ‘कॅपिटल’ या ब्रँडचं साशिको (जपानी धावदोऱ्याच्या) टाक्यांचं जॅकेट मागवलं होतं. गडद निळ्यावर पांढरा धावदोरा, रांगेला रांग. बाहीवर बोट फिरवलं आणि आजीची गोधडीच हाताला लागली. अगदी तोच खडबडीतपणा, दर चार-पाच टाक्यांनी एखादा टाका लांबलेला. पण खांदा दोन सेंमी मोठा होता. मन घट्ट करून परत दिलं. त्याऐवजी पातळ, आठ औंसांचा (हे एका चौरस यार्ड कापडाचं वजन) डेनिम शर्ट घेतला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चांगला आहे, आठवड्यातून दोनदा घालते.

मध्ये ऑगस्ट 2025 च्या शेवटी बातमी आली की एसेन्सने धनकोंपासून कोर्टाचं संरक्षण मागितलंय. त्याच सुमारास अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या 800 डॉलरखालच्या पार्सलांची आयातकर-माफी काढून घेतली होती. मला खरंच काळजी वाटली, आपल्या गावातलं दुकान आहे शेवटी. तुम्हाला एकच सांगेन: कुठल्याही दुकानात स्टोअर क्रेडिट साठवून ठेवू नका. परतीचे पैसे कार्डवरच घ्या.

जीन्सची प्रगती. कापड 14 औंस, न आटवलेलं. पहिल्यांदा कोमट पाण्यात तासभर भिजवलं, दोरीवर उलटं वाळवलं. पायाची आतली लांबी 84 सेंमीवरून 79.5 वर आली. त्यानंतर 112 दिवस घातली, एकदाही धुतलेली नाही. डेनिमचा ताणा दोरखंडासारखा एकत्र करून निळीत बुडवतात, हवेवर धरतात, पुन्हा बुडवतात. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून वरचा थर झिजला की आतलं पांढरं दिसू लागतं. सध्या मांडीच्या वरच्या बाजूला तीन सुरकुत्या ठळक उमटल्यात, गुडघ्यामागे जाळी धरायला लागलीय. उजव्या खिशावर मात्र अजून काहीच नाही.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली.

“उलटी कर,” म्हणाले. “काठ दाखव. जवळ धर की गं जरा.”

मी मोहरी कॅमेऱ्याला लावली. ते बराच वेळ बघत राहिले.

“साधा माग हाय. धोट्याचंच कापड. बाण्याचा ताण सारखा न्हाई, दिसतंय बघ.” मग म्हणाले, “आपले आठ माग भंगारात किलोवर गेले.”

काय बोलावं कळेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “रीड-पीक किती?” म्हणजे इंचाला उभे-आडवे धागे किती. मला माहीत नव्हतं. आता भिंग घेऊन मोजायचंय.

लांबी अजूनही चार सेंमी जास्त आहे. इथे एका शिंप्याकडे साखळी टाक्याचं जुनं युनियन स्पेशल यंत्र आहे, त्यावर घातलेली मोहरी धुतल्यावर दोरीसारखी पीळ घेते. शनिवारी देणार आहे. कापलेल्या दोन पट्ट्या, लाल काठासकट, पाकिटात घालून इचलकरंजीला पाठवेन. पुढची नोंद पहिल्या धुण्यानंतर, तोवर रीड-पीकचा आकडाही हाती असेल.