१५ अँगस्ट्रॉमजवळची सरकलेली रेषा

नाशिकच्या महाविद्यालयात एम.एस्सी.चे प्रकल्प घेताना हाताशी मोठी दुर्बीण नसल्याची अडचण मला आता वाटत नाही, कारण ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीची जुनी निरीक्षणे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. निफाडच्या एका विद्यार्थ्याला मी झीटा पपिस या ताऱ्याचा २००० साली घेतलेला वर्णपट दिला होता. सुमारे ४०,००० केल्विन पृष्ठतापमानाचा हा तारा फेब्रुवारीच्या रात्री आपल्याकडून दक्षिणेला, अगस्त्याच्या डावीकडे, नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

त्या दुपारी तो आलेख घेऊन आला. सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची रेषा १५.०१ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, तरंगलांबीचे एकक) हवी होती. तिचे शिखर १४.९८ च्या आसपास होते आणि निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या, बाजूला लांब उतार होता. “सर, अंशशोधनात, म्हणजे उपकरणाची मोजपट्टी लावण्यात, गडबड दिसते,” तो म्हणाला. शंका रास्त होती. म्हणून मी त्याला तीच प्रक्रिया ब्रह्महृदयाच्या वर्णपटावर करायला सांगितले. तेथे ती रेषा अरुंद, सरळ, नेमकी जागेवर निघाली, आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवताच उपकरणावरचा संशय मिटला.

ब्रह्महृदयाचे क्ष-किरण सूर्याप्रमाणे प्रभामंडलातून, म्हणजे ताऱ्याभोवतीच्या अतितप्त बाह्य आवरणातून, येतात. प्रचंड ताऱ्यांना तशी सोय नाही. तरी १९७८ साली सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेला ते क्ष-किरणांत तेजस्वी आढळले. झीटा पपिसचा वारा, म्हणजे त्यातून सतत बाहेर वाहणारा वायू, ताऱ्याच्याच प्रकाशाच्या रेट्याने सेकंदाला सुमारे २,२५० किलोमीटर वेग गाठतो. हा रेटा मुळातच अस्थिर असल्यामुळे वेगवान झोत संथ वायूवर आदळतात आणि थोडा वायू लाखो अंशांपर्यंत तापतो. आपल्यापासून दूर जाणाऱ्या बाजूचे किरण उरलेल्या थंड वाऱ्यात शोषले जातात, म्हणून रेषेची लाल, म्हणजे जास्त तरंगलांबीची, बाजू झिजते. “निफाडला धुक्यात द्राक्षबागेच्या जवळच्या ओळी दिसतात, टोकाच्या नाही, तसंच का?” त्याने विचारले. मला ही उपमा पटली.

खरी मौज पुढे आहे. वारा किती वस्तुमान नेतो हे पूर्वी हायड्रोजनच्या उत्सर्जनावरून काढत; ते घनतेच्या वर्गावर (घनता गुणिले घनता) अवलंबून असल्यामुळे वायूच्या गुठळ्यांनी उत्तर फुगते. शोषण मात्र साध्या घनतेवर ठरते. रेषेच्या आकारावरून हा ऱ्हास वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ३.५ दशलक्षांश निघाला आहे. जुना आकडा त्याच्या दुपटीहून अधिक होता. संध्याकाळी विद्यार्थ्याच्या गणितात वाऱ्याची प्रकाशीय जाडी, म्हणजे वारा किरण किती शोषतो याचे माप, २ च्या आसपास आली, जी प्रसिद्ध झालेल्या मूल्याशी जुळते.

मग त्याने विचारले की एखाद्या प्रचंड ताऱ्याची रेषा सरकलेलीच नसेल तर काय समजायचे. मी त्याला मृगाच्या तेजोमेघातील थीटा-१ ओरायनिस सी या ताऱ्याचा वर्णपट उतरवून घ्यायला सांगितले. तेथे चुंबकीय क्षेत्र वाऱ्याला जखडून ठेवते.