आठव्या मात्रेवरचा पाय

रविवार, रात्री साडेदहा

मुलगा झोपला. ट्रम्पेटची पेटी उघडीच टाकून झोपला, पण आज मी त्याला रागावले नाही. झोपण्याआधी तिन्ही वॉल्व्हना त्याने आठवणीने तेल घातलं होतं. एकेकात दोन-तीन थेंब, मग खरखर थांबेपर्यंत बोटाने वरखाली. ‘आई, हे केलं नाही तर सर वाजवायलाच देत नाहीत.’ अकरा वर्षांचं पोर. स्वतःच्या पांघरुणाची घडी करायला त्याला रोज सांगावं लागतं.

न्यू ऑर्लिन्सला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. त्याच्या शाळेतला बँड गेल्या वर्षी बंद पडला. पैसे नाहीत, एवढंच लिहिलेलं पत्र घरी आलं. मला ते फार लागलं. जॅझ ज्या शहरात जन्माला आलं, तिथल्या मुलाच्या हातून ट्रम्पेट काढून घ्यायचा? मग शेजारच्या आजींनी हा वर्ग सांगितला. शाळा सुटल्यावर भरतो, फी नाही, वाद्य तेच देतात, आणि मुलांना उपाशी घरी पाठवत नाहीत.

आज त्या वर्गातल्या मुलांना पहिल्यांदाच ट्रेमे या इथल्या जुन्या वस्तीच्या रस्त्यावर सेकंड लाइनला, म्हणजे वाजतगाजत निघणाऱ्या मिरवणुकीला, नेलं होतं. मिरवणुकीत पुढे चालते ती फर्स्ट लाइन, म्हणजे ज्या मंडळाची मिरवणूक ती माणसं आणि त्यांचा बँड. त्यांच्या मागून नाचत येईल तो प्रत्येक माणूस सेकंड लाइन. आमंत्रण कुणाला नसतं, मनाई कुणाला नसते. मुलं बँडच्या अगदी पाठीशी चालत होती, येईल तेवढं वाजवत, न येईल तिथे गप्प राहून ऐकत.

बास ड्रमवाले काका सत्तरीचे असतील. ड्रम गळ्यात, त्याच्यावर एक झांज बसवलेली, आणि ती झांज ते चक्क स्क्रू-ड्रायव्हरने वाजवत होते. इथे तशीच रीत आहे. त्यांचा ठेका मला आज पहिल्यांदा नीट कळला. चार-चार मात्रांचे दोन खंड धरले, तर खरं वजन पडतं दुसऱ्या खंडाच्या चौथ्या मात्रेवर, म्हणजे आठव्या. आपली मान डोलते समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. इथे सम यायच्या आदल्या मात्रेला पाय आपटतो. माझा मुलगा नेमका तिथेच चुकत होता. काकांनी एकदाच मागे वळून बघितलं आणि पुढची दोन आवर्तनं ती आठवी मात्रा जरा जास्तच जोरात हाणली. तिसऱ्या आवर्तनाला पोराचा पाय बरोबर पडला. हे वहीत लिहून कसं शिकवणार?

डॅनी बार्करला हे पक्कं ठाऊक होतं. माणूस याच शहरातला, १९०९चा जन्म. बँजो आणि गिटार वाजवायचा. १९३०मध्ये न्यूयॉर्कला गेला, जॅझ गायक कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात वाजवलं, आणि १९६५मध्ये परत आला. आला तेव्हा रस्त्यावरच्या ब्रास बँडमध्ये, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणाऱ्या बँडमध्ये, बहुतेक सगळे म्हातारे उरले होते. तरुण पोरांना त्यात काही रस नव्हता. १९७०मध्ये फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रींनी त्याला मुलांचा बँड उभा करायला सांगितलं. जवळच राहणारा लिरॉय जोन्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा ट्रम्पेट वाजवायचा. त्याला बार्करने पुढे केलं, आणि तालीम त्याच्याच घरच्या गॅरेजमध्ये सुरू झाली. पुढे जॅझमध्ये गाजलेले विंटन आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस हे भाऊ लहानपणी याच बँडमध्ये वाजवून गेले. क्लॅरिनेटवाला मायकेल व्हाइटही. काही वर्षांनी वादकांच्या युनियनचा त्रास सुरू झाला आणि बार्कर बाजूला झाला. तोवर पोरं तयार झाली होती. त्यांनी आपले बँड काढले.

पुढे त्याच वळणाच्या पोरांमधून डर्टी डझन ब्रास बँड उभा राहिला, १९७७मध्ये. त्यांनी जुन्या वाजवण्यात फंक आणि बीबॉप या नव्या शैली घातल्या, लय वाढवली. जुन्या लोकांना ते रुचलं नाही. मला वाटतं, जॅझ जगलं ते त्यामुळेच. जसंच्या तसं राखायचं तर काचेचं कपाट पुरतं, मुलं कशाला हवीत?

२००५च्या कॅटरिना वादळानंतर शाळांचे बँड बंद पडले. तेव्हा इथल्याच रीबर्थ ब्रास बँडचा ड्रमवाला डेरिक टॅब याने ‘रूट्स ऑफ म्युझिक’ सुरू केलं: नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना वाद्य, शिकवणी, जेवण, आणि ने-आण करायला बस. बसचं महत्त्व मला आता कळतं. आमच्या वर्गातली दोन मुलं केवळ घरी सोडायला कुणी नाही म्हणून वर्ग सोडून गेली.

मी म्हापशाची. आमच्याकडे पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून गावच्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. रविवारच्या मिस्साला गाणारे-वाजवणारे मिळावेत, एवढाच हेतू. तीच पोरं मुंबईला जाऊन हॉटेलांतून जॅझ वाजवू लागली. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, आमच्या शेजारच्या हळदोण्याचा. सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’ सिनेमात (१९५१) तो पडद्यावरही दिसतो. बाबा दर वेळी बोट दाखवायचे, ‘हो बघ, आपलो हळदोण्याचो!’ आज मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग तिथे आता कोण शिकवतं? मला सांगता आलं नाही. बहिणीला फोन करून विचारणार आहे.

मिरवणूक सुटल्यावर काका रुमालाने झांज पुसत होते. पोराचे ओठ सुजून लाल झाले होते. ते बघून त्यांनी बर्फाचा पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, पुढच्या रविवारी मागे नको, माझ्या डाव्या हाताला चाल. तिथून ड्रम पोटात ऐकू येतो.