राखीव दोन दिवस

क्षेपणास्त्राची चाचणी म्हटली की लोकांना ओडिशाच्या किनाऱ्यावरचा धूर आणि टाळ्या आठवतात. आमचं काम तिथून फार दूर, दक्षिणेला, जिथे ते पडणार तिथे. विशाखापट्टणमला टेबलावर बसून मी तीन आठवडे इंधनाचे हिशोब केले. चाचणी लांबली तर थांबायला दोन दिवस राखीव धरले. साहेबांनी नाक मुरडलं. अग्नी-5 ची पहिलीच चाचणी, एप्रिल 2012 मधली, विजांमुळे संध्याकाळची दुसऱ्या सकाळवर गेली होती. त्याची आठवण दिल्यावर सही झाली. बदल्यात दुसरं जहाज मीच वगळलं.

खरी कटकट टेलिमेट्रीच्या, म्हणजे क्षेपणास्त्राने रेडिओवरून पाठवलेली मोजमापं टिपणाऱ्या, कंटेनरची. त्याच्या अँटेनाला चहूबाजूंनी आकाश मोकळं हवं. आमच्या जहाजावर तशी जागा एकच, हेलिकॉप्टरचा डेक. म्हणजे हेलिकॉप्टर किनाऱ्यावरच. शिवाय टेलिमेट्री एस-बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर येते, म्हणून शेवटच्या टप्प्यात त्याच बँडवरचं आमचं रडार बंद. कुठलं यंत्र कोणत्या मिनिटाला गप्प बसणार, याचा तक्ता मी केला होता. तसा तक्ता करणारे फार नाहीत.

साडेतीन तास उरले असताना धोकाक्षेत्रात ठिपका दिसला. एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) नाही, व्हीएचएफ रेडिओवर उत्तर नाही. इशारा गेलेलाच होता. या समुद्राचे इशारे डेहराडूनहून निघतात (डोंगरातून, हो). पण रिसीव्हरच नसेल त्याला ते कसे कळणार? आम्ही जागा सोडून जहाज पळवलं. कंटेनरमधले शास्त्रज्ञ खवळले.

श्रीलंकेची मासेमारी होडी, सहा माणसं. आमचा तुतीकोरिनचा नाविक भोंग्यावरून तमिळमध्ये बोलला. तांडेलाने पाण्याकडे बोट केलं. गळांचा दोर सोडलेला, कित्येक किलोमीटर. ओढून घ्यायला अख्खा दिवस हवा. खुल्या समुद्रात आम्ही फक्त विनंती करू शकतो. पण तोफ लावलेल्या जहाजाने केलेली विनंती! त्याने दोर कापला, टोकाला लाल झेंड्याचा बोया बांधला आणि निघाला.

ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या चांदीपूरच्या गावकऱ्यांना चाचणीसाठी घराबाहेर काढतात, तेव्हा भरपाई देतात. माझ्या योजनेत या माणसासाठी रकानाच नव्हता. हेलिकॉप्टर असतं तर आदल्या दिवशीच्या फेरीत होडी सापडली असती, दोरही निघाला असता.

नऊ मिनिटं राखून आम्ही जागेवर पोहोचलो. चाचणी वेळेवर झाली, यशस्वी झाली. आठवडाभर उलट्या करणारा एक शास्त्रज्ञ त्या दुपारी चार पोळ्या जेवला. बोया शोधायला थांबू या, असं मला सुचलं ते दोन दिवसांनी. राखीव इंधन टाक्यांत तसंच घेऊन आम्ही विशाखापट्टणमला लागलो.