बॅकलाइनवरून पाहिलेली आन से-यंग

बॅडमिंटनमध्ये लाइन जजच्या खुर्चीत बसलं की मॅच दिसत नाही, रेषा दिसते. फूल, म्हणजे शटल, बाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरून खणखणीत 'आउट' म्हणायचं. आत पडलं तर तोंड मिटून उजवा हात रेषेकडे करायचा. मध्ये कुणी आल्याने दिसलंच नाही, तर डोळ्यांवर हात. टाळी वाजवायची नाही, कुणाकडे बघून हसायचंही नाही. २२ जानेवारी २०२३ ला दिल्लीत इंडिया ओपनच्या महिला एकेरीच्या फायनलला मला बॅकलाइन, म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाची रेषा, मिळाली, आणि त्या दिवशी या नियमाचा जाच पहिल्यांदा वाटला.

हॉल खाशाबा जाधवांच्या नावाचा. मी कराडची, खाशाबांचं गोळेश्वर आमच्या शेजारचं. दारावर ते नाव वाचलं की पाठ आपोआप ताठ होते.

कोर्टवर जागतिक क्रमवारीत पहिली आणि लागोपाठ दोनदा विश्वविजेती ठरलेली जपानची अकाने यामागुची, समोर कोरियाची आन से-यंग, वय वर्षं वीस. आठवड्यापूर्वीच मलेशियाच्या फायनलमध्ये यामागुचीने तिला हरवलं होतं. इथेही पहिला गेम १५-२१ असा गेला.

मग जे सुरू झालं ते मी अजून विसरलेले नाही. बॅकलाइनवरच्या माणसाला काम कधी असतं? खेळाडूने फूल सोडलं तर, किंवा तिला ते गाठता आलं नाही तर. आन गाठायचीच. डोक्यावरून गेलेलं फूल आता माझं म्हणून मी डोळे रेषेवर रोखावेत, तोवर तिची पावलं मागे आलेली असायची, आणि फूल पुन्हा पलीकडे उंच. जोराचा स्मॅश फारसा नाहीच. समोरचीला प्रत्येक पॉइंट दोनदा, तीनदा जिंकायला लावायचं. मग समोरची आणखी कोपरा धरायला जाते, रेषेच्या आणखी जवळ मारते, आणि चूक तिथेच होते. २१-१६, २१-१२.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. ती फूल सोडते ते इतक्या खात्रीने, की लाइन जजचे हात आपोआप वर यायला लागतात. तिथे स्वतःला आवरावं लागतं.

हा चिवटपणा एकटीचा नाही, असं मला ठामपणे वाटतं. बॅडमिंटनला ऑलिंपिकमध्ये पदकं पहिल्यांदा मिळाली ती १९९२ ला बार्सिलोनात. तिथे महिला दुहेरीत कोरियाच्या ह्वांग ह्ये-यंग आणि चुंग सो-यंग यांनी चिनी जोडीविरुद्ध तिसरा गेम १५-१३ असा खेचून सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत कोरियाचीच बांग सू-ह्युन एकेरीच्या फायनलला इंडोनेशियाच्या सुसी सुसांतीकडून तीन गेममध्ये हरली. चार वर्षांनी अटलांटात तिने सुसांतीला सेमीफायनलमध्ये काढलं आणि सुवर्ण नेलं. त्यानंतर दुहेरीत कोरियन मुली पदकं आणत राहिल्या, २०१० आणि २०२२ मध्ये चीनला हरवून उबर कप, म्हणजे महिलांचं सांघिक जगज्जेतेपदही आणलं. एकेरीची जागा मात्र रिकामीच राहिली होती.

ती कशी भरली ते सगळ्यांनी पाहिलं. दिल्लीनंतर दोन महिन्यांत आनने ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली, कोरियासाठी बांगनंतर २७ वर्षांनी. ऑगस्टमध्ये कोपनहेगनला विश्वविजेतेपद, आणि एकेरीतलं हे कोरियाचं पहिलंच, पुरुषांनाही आधी जमलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये चीनच्या चेन युफेईविरुद्ध पहिल्याच गेममध्ये गुडघा गेला. पट्टी बांधून ती खेळत राहिली, दुसरा गेम हरली आणि तिसरा २१-८ असा घेतला. ५ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये चीनच्या हे बिंगजियाओला सरळ गेममध्ये हरवून ऑलिंपिक सुवर्ण. त्याच दिवशी पत्रकारांसमोर, आपली दुखापत कशी हाताळली गेली याबद्दलची नाराजी तिने उघड बोलून दाखवली. बावीस वर्षांच्या मुलीने सुवर्ण मिळाल्या दिवशी हे बोलणं मला त्या पदकाइतकंच मोठं वाटतं.

नव्या लाइन जजना शिकवताना मी आता तिच्याच मॅच लावते. आनने फूल सोडलं की व्हिडिओ थांबवते आणि विचारते, आत की बाहेर? बहुतेक जण तिच्याकडे पाहूनच उत्तर देतात. मग मी पुन्हा लावते, आणि या वेळी फक्त रेषा बघा म्हणते.